गोंड्यापर्यंत

पडून राहा. उठून बसायची गरज नाही, गुडघे टेकायचीही नाही.

पाठ जिथे गादीला टेकली आहे, तिथे तिला टेकू द्या. टाचांचा भार सोडा. जबडा सैल करा.

एका हाताला सलाईन लावलेलं असेल, तर तो तसाच राहू द्या. दुसरा हात चादरीवर ठेवा, पालथा.

पंखा फिरतो आहे. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजतात, कुणीतरी सिस्टरना हाक मारतं. येऊ द्या आवाज. तेही आपल्याबरोबर राहतील.

श्वास आत येतो. त्याला ओढू नका. येतो तेवढा पुरे.

श्वास बाहेर जातो.

थांबा.

आता गालील समुद्राच्या काठी या. प्रभू येशू नावेतून उतरला आहे. धूळ, घाम, ओल्या जाळ्यांचा वास. माणसांवर माणसं लोटतात. सभास्थानाचा अधिकारी याईर त्याला घरी घेऊन निघाला आहे, कारण त्याची 12 वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. सगळ्यांना घाई आहे.

या गर्दीत, पाठीमागे, एक बाई आहे.

तिचा रक्तस्राव 12 वर्षं थांबलेला नाही. पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते सारं खर्चून झालं, आणि दुखणं वाढतच गेलं. मार्क हे सगळं लिहितो, काही झाकत नाही. त्याचा हा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो. शुभवर्तमानात खर्चाला जागा आहे, न लागू पडलेल्या औषधांना जागा आहे. तुमची जाड झालेली फाईलही इथे चालते.

तिच्याकडे पाहा.

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती निजते ते अंथरूण अशुद्ध, ती बसते ती जागा अशुद्ध. इतक्या वर्षांत मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवणारं कुणी उरलं असेल का?

तुमच्याही अंगाला सध्या बहुतेक हातमोज्यातले हात लागत असतील. नाडी बघायला, सुई टोचायला, कूस बदलायला. त्या हातांचे उपकार आहेतच. तरी आत काहीतरी उपाशी राहतं. राहू द्या. ते उपाशीपण घेऊनच तिच्या मागून चला.

ती काही मागत नाही. नाव सांगत नाही. ती वाकते आणि हात पुढे करते.

त्याच्या वस्त्राच्या कोपऱ्याला गोंडा आहे. नियमशास्त्रात सांगितल्याप्रमाणे त्यात एक निळा दोरा असेल. चालताना तो हलतो आहे.

इथेच थांबा. हात पुढे झाला आहे. बोटं अजून पोचलेली नाहीत.

तुमचा पालथा हात आता चादरीच्या कडेला नेता येतो का पाहा. शिवण लागते. दुमड लागते. एखादा सुटलेला धागा लागतो. अंगठ्यानं ती कड हळूच चाचपा.

आजची प्रार्थना एवढीच.

शब्द येत नसतील तर नकोत. औषधांनी डोकं जड होतं, पाठ असलेलं स्तोत्र मध्येच तुटतं, प्रभूची प्रार्थनासुद्धा अर्ध्यावर राहते. तिनं तरी कुठे काही म्हटलं होतं?

आणि शब्द हवाच असेल, तर अगदी लहान घ्या. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती तपस्वी एकच छोटी ओळ दिवसभर मनात धरून राहत. त्यांच्याकडून शिकलेल्या जॉन कॅसियननं ही रीत लिहून ठेवली आहे. डोकं दुखत असलं तरी तीच ओळ, झोप उडालेल्या रात्रीही तीच.

श्वास आत येताना: येशू.

श्वास बाहेर जाताना: मी इथे आहे.

पुन्हा.

येशू. मी इथे आहे.

मोजू नका. विसरलात तर जिथे आठवेल तिथून धरा. झोप लागली तर लागू द्या.

बोटं गोंड्याला लागतात.

आणि तो थांबतो.

एवढ्या घाईत थांबतो. कोण शिवलं, असं विचारतो. इतके लोक अंगावर लोटत असताना हा काय प्रश्न, असं शिष्यांना वाटतं. तो मात्र वळून शोधतो. रोममध्ये संत मार्सेलिनस आणि संत पेत्र यांच्या नावाच्या भुयारी दफनभूमीत, सुमारे 1700 वर्षांपूर्वी, कुणीतरी भिंतीवर हाच क्षण रंगवून ठेवला आहे. ती खाली वाकलेली, हात वस्त्राच्या काठाशी. आपली माणसं पुरताना लोकांना हे चित्र जवळ हवं होतं.

त्या वळण्याकडे पाहत राहा. घाई करू नका.

ती थरथरत पुढे येते आणि सगळं सांगते. तो ऐकतो. मध्ये तोडत नाही. मग तिला मुलगी म्हणून हाक मारतो आणि शांतीनं जायला सांगतो.

तुम्हीही सांगा. भीती सांगा. पुढच्या तपासणीचं सांगा. राग आला असेल, त्याच्यावरच आला असेल, तर तोही सांगा. ओठ हलायची गरज नाही.

आता गप्प राहा. ऐकणाऱ्यासमोर गप्प राहा.

ती बाई बरी होते. प्रेषित पौल होत नाही. शरीरातला काटा जावा म्हणून तो तीनदा विनवणी करतो आणि काटा तसाच राहतो. तुमची श्रद्धा कमी पडते असं कुणी उशाशी बसून बोललं असेल, तर ते बोलणं खोलीबाहेर ठेवा. ते प्रभूचं नव्हे.

येशू. मी इथे आहे.

अजून एक माणूस इथे उभा आहे. याईर. प्रभू थांबला आहे आणि याचा एकेक क्षण जळतो आहे. तेवढ्यात घरून निरोपही येतो, मुलगी गेली.

तुमच्या खाटेशी स्टुलावर बसलेल्या माणसाकडे पाहा. तोही कधीपासून थांबलेला आहे. पुढचा श्वास त्याच्या नावानं घ्या.

प्रभू याईरला सांगतो, भिऊ नको. त्याच्या घरी जातो, मुलीचा हात हातात घेतो, तिला उठवतो. आणि लगेच घरच्यांना सांगतो, हिला काहीतरी खायला द्या.

तुमच्याही उशाशी पेज आणून ठेवलेली असेल. अजून कोमट आहे. भूक नसली तरी दोन चमचे घ्या. आणि स्टुलावरच्या माणसालाही विचारा, तू जेवलास का?