पारख आणि प्रमाणपत्र

प्रमाणपत्र हे वस्तुतः एक वचन असते. ते पडते विद्यार्थ्याच्या हाती. परंतु दिलेले असते तिसऱ्याच माणसाला, जो त्या विद्यार्थ्यास ओळखत नाही पण त्याच्यावर काम सोपविणार आहे. ‘यास हे येते, आम्ही पाहिले आहे,’ एवढाच त्याचा अर्थ. प्रमाणपत्र लहान असले की ते देणाऱ्याची जबाबदारीही लहान, असा एक समज सध्या रूढ होऊ पाहत आहे. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

निमित्त आहे लघुप्रमाणपत्रांचे. एखादे कौशल्य काही आठवड्यांत शिकवून त्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र देण्यास आपली विद्यापीठे सिद्ध होत आहेत. चौकट तयारच आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या पेढीचे नियम केले. मिळविलेले श्रेयांक तेथे साधारणतः ७ वर्षांपर्यंत जमा राहतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ३० तासांच्या अध्ययनास १ श्रेयांक, वर्षाच्या १२०० तासांस ४०, असे माप ठरविले.

हेतूविषयी आमचा वाद नाही. आमच्या जगतपुऱ्यात सुरेश ज्ञानविहार व विवेकानंद ग्लोबल ही विद्यापीठे आहेत. आणि त्याच रस्त्यांवरून रोज सकाळी कारागीर, दुकानांतील नोकर आणि आमच्यासारखे कचेरीतले कारकून कामावर जातात. संसार बाजूस ठेवून तीन वर्षे पदवीसाठी देणे ज्यांस शक्य नाही, त्यांच्याकरिता विद्येचे दार किलकिले झाले तर कोणास नको आहे? तुकड्यांनी घेतलेली विद्या तुटकच राहते, हा आक्षेपही आम्हांस पटत नाही. पोथीसुद्धा अध्याया-अध्यायानेच वाचून होते.

अडचण निराळीच आहे. पदवीच्या काळात अनेक अध्यापक आणि अनेक परीक्षा विद्यार्थ्यास पारखतात. एकाची चूक दुसरा सावरतो. ३० तासांच्या प्रमाणपत्रामागे बहुधा एकच अध्यापक आणि एकच परीक्षा. तेथे चूक सावरणारा कोणी नाही. म्हणून वचन लहान असले तरी पारख अधिक कडक हवी.

पारख म्हटली की जयपूरकरास जौहरी बाजार आठवतो. रत्न खरे निघो वा खोटे, तपासणाऱ्याचे शुल्क तेच. म्हणून त्याच्या शब्दाला किंमत. विकणाराच पारखू लागला, तर खोट्यास खरे म्हणण्याचा मोह त्यास रोजच होणार. विद्यापीठ शुल्क घेऊन शिकविते आणि परीक्षाही तेच घेते. पदवीच्या बाबतीत हा मोह परंपरेने व लोकलाजेने थोडाफार आवरला जातो. दर महिन्यास नवी तुकडी भरू पाहणाऱ्या अभ्यासक्रमात तो कोणी आवरावा? आणि तो न आवरल्यास नुकसान होते ते मन लावून शिकलेल्याचे. खोट्या नाण्यांच्या गर्दीत खऱ्याचीही पत जाते; पगारातून पै-पै वाचवून शिकलेल्या माणसास हे परवडणारे नाही.

सरकारी मान्यता मिळाली की प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. परंतु मान्यता आणि विश्वास या एकच गोष्टी नव्हेत. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता लाभली ती १९५१ साली. मधली ३५ वर्षे त्याची ‘गृहीतागमा’ ही पदवी त्या मान्यतेवाचून उभी होती; देणाऱ्यांच्या शब्दावर आणि घेणाऱ्या स्त्रियांच्या कर्तृत्वावर.

तेव्हा विद्यापीठांची तयारी म्हणजे केवळ यंत्रे, नोंदी आणि करार नव्हेत. शिकविणारा व परीक्षक वेगळे ठेवणे, नेमके काय तपासले ते प्रमाणपत्रावर लिहिणे, आणि शुल्क भरलेल्या माणसासही ‘अजून येत नाही, पुन्हा या,’ असे सौजन्याने पण स्पष्टपणे सांगणे, ही खरी तयारी होय. ज्याने नाही म्हणण्याचा अधिकार सोडला, त्याच्या होकारास अर्थ उरत नाही.