झाकण लावण्याआधी

आमच्या स्वयंपाकघरात शिट्टी वाजेनाशी झाली, त्याला आता वर्ष होईल. विजेचा कुकर आला आणि सकाळ एकदम शांत झाली. त्याआधी घरातली सगळी माणसं शिट्ट्या मोजण्यात भागीदार होती. मी न्हाणीतून विचारायची, "किती झाल्या?" बाहेरून मुलगा ओरडायचा, "दोन!" आणि अंगणातून सासूबाई म्हणायच्या, "तीन झाल्या, तुमचं ध्यान कुठं हाय?" आता डाळ धुवायची, पाणी घालायचं, झाकण फिरवायचं, बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. दाब चढायला आठ-दहा मिनिटं, शिजायला तेवढीच, पुढची दहा मिनिटं वाफ आपोआप जिरायला. झाकणावरची छोटी खुंटी खाली बसली, की वरण तयार. वर्ध्याहून नागपूरची गाडी गाठणाऱ्यांच्या घरात ही अर्ध्या तासाची मोकळीक किती मोलाची, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात तर हा कुकर मी सरळ ओसरीवर नेऊन ठेवते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ओट्यासमोर जाळ नसणं हेसुद्धा मोठं सुख वाटतं.

पण पहिले काही आठवडे वरण काही केल्या सारखं होईना. एक दिवस लोण्यासारखं, दुसऱ्या दिवशी डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. बटण तेच, वाटी तीच, मिनिटंही तीच. मी कुकरलाच दोष देत होते. एका सकाळी सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, ताटलीतली डाळ बोटानं पसरली आणि म्हणाल्या, "कोन्या सालची डाळ हाय वं ही?" तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे तूर कपाशीच्या ओळींमधली. थंडी सरता सरता ती घरी येते, तिची डाळ होते आणि डब्यात भरली जाते. नवी डाळ पटकन विरघळते. वर्षभर डब्यात राहिलेली डाळ आतून टणक होते, तिला भिजायला आणि शिजायला जास्त वेळ लागतो. माझ्या डब्यात खाली जुनी होती, वर नवी ओतली होती. पाण्याचंही तसंच. बोअरचं जड पाणी असेल तर डाळ अडून बसते, नळाच्या पाण्यात ती लवकर नरमते. शिवाय या कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, त्यामुळे गॅसवरच्या मापानं पाणी घातलं की वरण पातळ होणारच. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळून तिथंच थांबतं. कोंडलेली वाफ त्याला शंभराच्या बरंच वर नेते. एवढं काम कुकर चोख करतो. आत कोणती डाळ आली आहे, ते मात्र त्याला कळायचा मार्ग नाही. ते माझ्या बोटांना कळतं, आणि सासूबाईंच्या बोटांना माझ्याआधी कळतं.

कुकरकडे पाहताना मला चूलही आठवते. चूल आणि चुलीपुढची बाई, या दोघींचा विचार आमच्या गावात फार आधी झालेला आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं होते. घाणी, चरखा, हातकागद यांच्याबरोबर त्या आवारात मातीची एक साधी चूलही घडली, मगनचूल. एकाच जाळावर दोन-तीन भांडी, आणि धूर धुराड्यातून घराबाहेर. देशाचे मोठमोठे प्रश्न समोर होते, तरी धुरानं चुरचुरणारे डोळे हाही आपलाच प्रश्न आहे, असं त्या माणसांनी मानलं. त्यासाठी कुणीतरी चुलीपुढं बसून आधी नीट पाहिलं असणार: जाळ कुठं वाया जातो, धूर कुठून वळतो, बाई कुठं वाकते. माझा विजेचा कुकर दूरच्या कारखान्यातून आला, तरी मला तो त्या चुलीच्या नात्यातला वाटतो. रांधणारीचा जीव थोडा हलका व्हावा, हेच दोन्हींच्या मुळाशी आहे.

त्यांच्यासारखं आधी नीट पाहायचं, म्हणून हल्ली मी झाकण लावण्याआधी अर्धं मिनिट थांबते. डाळ उजेडात धरते, दोन दाणे नखानं दाबून पाहते. जुनी असली तर मिनिटं वाढवते, आणि दुसऱ्या दिवसाची रात्रीच भिजत घालते. पाणी पाहते, झाकणाच्या रबरावरून एक बोट फिरवते, हळदीची चिमूट आणि तेलाचे दोन थेंब टाकते. या अर्ध्या मिनिटानं माझी इतर कामंही हळूहळू बदलली. मुलाच्या डब्याचं झाकण लावताना आज त्याचा खेळाचा तास आहे हे आठवतं, आणि एक पोळी जास्त जाते. सासऱ्यांच्या चहात रोजची साखर घालण्याआधी त्यांचा चेहरा पाहते. रात्री झोप नीट झाली नसेल, तर चहाआधी दोन शब्द बोलायचे असतात. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कागद ठेवताना ती मैत्रीण आज गप्प आहे का, एवढं पाहायला वेळ लागत नाही. रोजचीच माणसं, रोजचंच माप, तरी काल जो होता तोच आज आला आहे, असं धरून चालता येत नाही. परवा सासूबाईंनी नव्या तुरीची पहिली डाळ गावाहून आणली. मी सवयीनं पाणी ओतायला गेले आणि हात थांबला. दाणा दाबला तर नखाखाली लगेच दुभंगला. अर्धी वाटी पाणी काढून घेतलं, दोन मिनिटं कमी केली आणि झाकण लावलं. मागून आवाज आला, "पाह्यली का डाळ?" मी म्हटलं, "पाहिली, आई."