शरणागतीचा कलंक

शस्त्र खाली ठेवलेल्या सैनिकाला मारू नये आणि गुलामही करू नये, हा विचार युरोपात फार सावकाश रुजला. ह्यूगो ग्रोशियसने १६२५ मध्ये राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याची मांडणी केली, तेव्हा पकडलेल्या शत्रूला दास करण्याचा जेत्याचा हक्क त्याला रूढीने चालत आलेला म्हणून नोंदवावा लागला होता. १७६२ मध्ये रूसोने मात्र युद्ध हा दोन राज्यांमधला संबंध आहे, दोन माणसांमधला नव्हे, असे प्रतिपादन करून शस्त्र टाकताच सैनिक पुन्हा केवळ माणूस उरतो आणि त्याच्या जिवावर कोणाचाही अधिकार राहत नाही, असा निष्कर्ष काढला. या निष्कर्षाला करारबद्ध कायद्याचे रूप १८९९ च्या हेग परिषदेत मिळाले. ती परिषद रशियाच्या झार दुसऱ्या निकोलसच्या पुढाकाराने भरली होती, ही गोष्ट पुढचा इतिहास पाहता विसरता येत नाही. १९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याचे, म्हणजे शत्रूच्या हाती जिवंत सापडलेल्या सैनिकाचे, अन्न, निवारा, श्रम आणि पत्रव्यवहार यांविषयीचे हक्क तपशिलाने ठरवून दिले.

या साऱ्या करारांचा रोख पकडणाऱ्या देशाकडे होता. सुटून आलेल्या सैनिकाला त्याच्या स्वतःच्या देशाने कसे वागवावे, हा प्रश्न त्या त्या राज्याच्या मर्जीवर सोडलेला होता आणि सोव्हिएत संघाने त्याचे जे उत्तर दिले, त्याइतके निष्ठुर उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

सोव्हिएत संघ १९२९ च्या युद्धकैद्यांविषयीच्या करारात सामील झालेला नव्हता. नाझी जर्मनीने याच सबबीखाली सोव्हिएत कैद्यांना कराराचे संरक्षण नाकारले. वास्तविक, करारात सामील नसलेल्या देशाच्या कैद्यांनाही रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूलभूत संरक्षण होतेच. सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनांच्या हाती पडले आणि त्यांपैकी सुमारे ३३ लाख उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांना बळी पडले. यातले बहुसंख्य १९४१ च्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत वेढ्यांत अडकलेले होते. जर्मन दाव्यानुसार एकट्या कीव्हच्या वेढ्यात साडेसहा लाखांहून अधिक सैनिक पकडले गेले, आणि तिथून वेळीच माघार घेण्याची परवानगी स्टालिननेच नाकारली होती.

त्याआधीच, १६ ऑगस्ट १९४१ रोजी, त्याच्या सहीचा २७० क्रमांकाचा हुकूम निघाला होता. जे अधिकारी पदचिन्हे फाडून शत्रूला शरण जातील, ते पळपुटे समजले जाऊन त्यांच्या कुटुंबीयांना अटक व्हावी आणि शरण गेलेल्या साध्या सैनिकाच्या कुटुंबाची सरकारी मदत बंद व्हावी, असे त्यात फर्मावलेले होते. हा हुकूम त्या वेळी वर्तमानपत्रात छापला गेला नाही. तो तुकडीतुकडीत मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. गावाकडे बायकापोरे मागे ठेवून आघाडीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

जे वाचले त्यांना परतताना ‘गाळणी’तून जावे लागले. गाळणी म्हणजे गुप्त पोलिसांकडून होणारी छाननी. कुठे पकडला गेलास, सोबत कोण होते, आणि जिवंत कसा राहिलास, हे तिथे विचारले जाई. परतलेले सगळेच सक्तमजुरीच्या छावण्यांत गेले, हा समज मात्र खरा नाही. १९४६ च्या मार्चपर्यंत परतलेल्या १५ लाखांहून अधिक युद्धकैद्यांपैकी सुमारे १५ टक्के गुप्त पोलिसांच्या ताब्यात राहिले, बरेच पुन्हा सैन्यात घेतले गेले, काही कामगार पलटणींत धाडले गेले आणि काहींना घरी जाऊ दिले गेले. पण घरी पोहोचलेल्यालाही नोकरीच्या अर्जात कैदेत राहिल्याची नोंद वर्षानुवर्षे करावी लागे आणि तेवढ्यावरून दारे बंद होत.

स्टालिनच्या मृत्यूनंतर, जून १९५६ मध्ये, पक्षाच्या मध्यवर्ती समितीने आणि सरकारने माजी युद्धकैद्यांवर अन्याय झाल्याचे मान्य केले. या कबुलीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. ब्रेस्टच्या किल्ल्यात महिनाभर झुंजून जखमी अवस्थेत पकडला गेलेला मेजर प्योत्र गाव्रिलोव्ह पक्षाचे सदस्यत्व गमावून अज्ञातवासात जगत होता. लेखक सेर्गेई स्मिर्नोव्ह याने त्याचा शोध घेतल्यावर १९५७ मध्ये त्याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब मिळाला. शत्रूचेच बॉम्बफेकी विमान पळवून नऊ सोबत्यांसह निसटलेला वैमानिक मिखाईल देव्यातायेव्ह यालाही त्याच वर्षी तो मिळाला. शोलोखोव्हच्या ‘माणसाचे नशीब’ या कथेचा नायकही एका जर्मन मेजरला गाडीत घालून घेऊन येतो, तेव्हा कुठे त्याचे स्वागत होते. म्हणजे कैद्याला क्षमा होती, पण पराक्रमाच्या मोबदल्यात. उपाशी राहून कसाबसा जगलेल्या सामान्य सैनिकाकडे दाखवण्यासारखा पराक्रम नव्हता, आणि लाखो माणसे अशीच होती.

त्या सामान्य माणसाला साहित्यात स्थान दिले ते सोल्झेनित्सिनने, १९६२ मध्ये. त्याचा इव्हान देनिसोविच शूखोव्ह जर्मनांच्या तावडीतून निसटून आपल्या सैन्याकडे परततो आणि तसे खरे सांगून बसतो. मग शत्रूने एखादी कामगिरी सोपवून आपल्याला पाठवले, अशा कबुलीवर तो सही करतो, कारण सही केली नाही तर मरण अटळ आहे. ती कामगिरी कोणती, हे ना त्याला सुचते ना चौकशी अधिकाऱ्याला. म्हणून कागदावर नुसती ‘कामगिरी’ एवढेच लिहिले जाते आणि दहा वर्षांची शिक्षा होते. पकडले जाणे हाच गुन्हा मानणाऱ्या विचाराचे पोकळपण याहून नेमके क्वचितच कोणी दाखवले असेल.

पराक्रमाची अट न घालता सर्व माजी युद्धकैद्यांचे हक्क पूर्ववत करणारा हुकूम रशियाच्या अध्यक्षांनी काढला तो २४ जानेवारी १९९५ रोजी, म्हणजे युद्ध संपून अर्धशतक होत आले तेव्हा. जर्मनीने तर याहून उशीर केला. नाझी राजवटीतील सक्तमजुरांना भरपाई देण्यासाठी २००० मध्ये स्थापलेल्या निधीतून युद्धकैदी वगळलेले होते. मे २०१५ मध्ये जर्मन संसदेने हयात सोव्हिएत युद्धकैद्यांसाठी एक कोटी युरो, म्हणजे माणशी अडीच हजार युरो, मंजूर केले, तेव्हा ५७ लाखांपैकी अवघे काही हजार जण जिवंत असावेत असा अंदाज होता.