नमाजची सोय

पोरगा परदेशी निघाला की आमच्या धरणगावात आई आधी विचारते, नमाजची सोय काय? चर्चचे नाव निघाले की सारे गप्प.

२०१३च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनमध्ये मशीद अपुरी पडे. माणसे कडाक्याच्या थंडीत बाहेर सफ धरत. शेजारच्या सेंट जॉन्स चर्चने दार उघडले. तिथले पाद्री आयझॅक पूबलन मूळचे दक्षिण भारतातले. त्यांना शिव्याही खाव्या लागल्या.

यात विटाळ कसला? मक्केत छळ झालेले पहिले मुसलमान हबशच्या नजाशीकडे गेले. आसरा देताना तो ख्रिस्तीच होता. तो वारला तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याची गायबाना जनाजाची नमाज पढली.

घेण्याचे असे. देण्याचे काय? कापसाच्या हंगामात आलेला परगावचा मजूर मशिदीच्या ओट्यावर टेकतो, तेव्हा आम्ही त्याचे नाव तरी विचारतो का?