मातीचे भांडे

(२ करिंथ ४:७, १२:७-९)



सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. उपासनामंदिरे बंद राहिली, आणि पुष्कळ मंडळ्यांनी मोबाइलद्वारे ऑनलाइन उपासना आरंभिली. ज्यांस घरात रेंज मिळत नसे, ते शेताच्या बांधावर बसून सामील होत. गीत आरंभिले की कोणाचा स्वर पुढे, कोणाचा मागे. कारण प्रत्येकाच्या फोनपर्यंत आवाज पोहोचण्यास कमीअधिक वेळ लागतो. म्हणून सर्वांचे माइक बंद करवून आम्ही एकटेच गात असू.

५ एप्रिल रोजी झावळ्यांचा रविवार होता. प्रभू शिंगरावर बसून यरुशलेमेत आला, ह्या त्याच्या सौम्यतेवर आम्ही उपदेश तयार केला होता. उपासनेस थोडा अवकाश असता मुलाच्या हातून फोन निसटला, आणि आम्ही त्यास फार कठोर शब्द बोललो. माइक बंद आहे असा आमचा समज होता. तो चालू होता. मंडळीने सर्व ऐकिले, आणि मग त्याच मुखातून सौम्यतेचा उपदेशही ऐकिला! मंडळीच्या एका पंचांनी मागाहून हे आम्हांस हळूच कळविले.

पुढील रविवारी दुसऱ्या कोणी उपदेश करावा, असे आमच्या मनात आले. परंतु मन तपासून पाहता असे आढळले की, आम्हांस पापाचे दुःख थोडे आणि उघडे पडल्याची लाज फार होती. व्यासपीठाच्या आड जे झाकले जात होते, ते घरातील उपासनेत उघड झाले, इतकेच. देवास ते पूर्वीच ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्याने आम्हांस टाकिले नव्हते. कृपा म्हणतात ती हीच.

पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा मात्र पुरली. तोच पौल सांगतो की ठेवा मातीच्या भांड्यांत आहे. तो अशासाठी की, सामर्थ्य भांड्याचे नव्हे, देवाचे आहे, हे दिसून यावे. तथापि कृपा ही दोष झाकण्याचा पडदा नव्हे. दोष कबूल करण्याचे धैर्य तिच्यापासून मिळते.

आम्ही प्रथम मुलाची क्षमा मागितली. त्याने काही न बोलता आमचा हात धरिला. मग १२ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या दिवशी, मंडळीसमोर अपराध कबूल केला. सायंकाळी एका वृद्ध बाईंचा फोन आला: "पाळकसाहेब, सुनेशी माझा वर्षभर अबोला होता. आज मी आपण होऊन तिला हाक मारली." आमच्या वर्षभराच्या नीटनेटक्या उपदेशांनी जे झाले नव्हते, ते देवाने आमच्या लाजेतून घडविले.

उपदेशक बंधूंनो, वाचताना अडखळाल, गाताना स्वर चुकेल. तेवढ्यासाठी सेवा सोडू नका. चूक अभ्यासाने सुधारावी, पाप मात्र कबूल करून सोडावे, आणि त्याचा आरंभ आपल्या घरच्या माणसांपासून करावा. भांडे मातीचेच राहणार. ठेवा देवाचा आहे. त्याचा गौरव असो. आमेन.