तुमच्या आया निराधार आहेत का?

तुमचं निवेदन मिळालं. गणपतीला गावी जमलेल्या तुम्हा सगळ्यांच्या सह्या त्यावर आहेत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी एकच आहे: कोलाड परिसरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आणि दिव्यांग ज्येष्ठांसाठी शासनाने मोफत वृद्धाश्रम बांधावा. शेवटी माझ्यासाठी जागा सोडलीत, खाली 'निवृत्त शिक्षिका' असं टाईपही करून ठेवलंत. मी सही केलेली नाही. का केली नाही ते आता नीट ऐका. वर्गात तुमचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर हायवेवरच्या गाड्यांकडे असायचं, तसं आज चालणार नाही.

निवेदनात तुम्ही २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेतलात. कलम १९ उतरवून काढलंत, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय होईल असे वृद्धाश्रम. पण ते कुणासाठी, हे गाळलंत. ते निराधार ज्येष्ठांसाठी आहेत, ज्यांच्याकडे स्वतःला पोसायला पुरेसं काही नाही त्यांच्यासाठी. तुमच्या आया निराधार आहेत का? सह्या करणाऱ्यांत धाटावच्या एमआयडीसीत कायम झालेले आहेत. डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट असलेले आहेत. कुंडलिकेच्या काठची वडिलोपार्जित जमीन रिसॉर्टवाल्याला विकून त्या पैशात गाडी घेतलेले आहेत. भिऱ्याच्या धरणाचं पाणी सकाळी किती वाजता सुटतं आणि राफ्ट किती वाजता निघते हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आईची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, हे किती जणांना सांगता येईल?

त्याच कायद्याचं कलम ४ तुमच्यापैकी एकानेही वाचलेलं दिसत नाही. मुलगा, मुलगी, नातू, नात, जे सज्ञान आहेत ते सगळे आई-वडिलांच्या निर्वाहाला बांधलेले आहेत. आई-वडिलांनी प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, त्याला वकील लागत नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम बांधून देता येते. सांभाळायची जबाबदारी असताना म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीसपत्राने नावावर करून घेतली आणि मग सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. तुमच्या आया असा अर्ज कधीच करणार नाहीत, याची तुम्हाला खात्री आहे. पोराचं नाव सरकारी कागदावर जाऊ नये म्हणून त्या उपाशी निजतील. त्यांच्या याच मायेच्या जोरावर तुम्ही निर्धास्त आहात, याचा मला संताप येतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आईला महिन्याला पैसे मिळतात की. मिळतात, श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये. म्हणजे दिवसाला ५०. मोठ्या माणसाचा एक डायपर त्यात बसेल, दुसरा बसेलच असं नाही. केंद्र सरकार दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाच्या पेन्शनमध्ये २०० रुपये घालतं, ८० वर्षं पूर्ण झाल्यावर ५००, आणि हे आकडे वर्षानुवर्षं जागचे हललेले नाहीत. सरकारची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं, ही अट तुम्हाला ठाऊक आहे. महिन्याला १,७५० रुपये. तसा दाखला तुमच्यातल्या काहींनी काढला आहे. दारात मोटरसायकल उभी आणि दाखल्यावर २१,०००! शेजारच्या कातकरी वाडीतली म्हातारी, जिला खरंच कुणी नाही, तिचा दाखला आधार कार्डावरची जन्मतारीख चुकली म्हणून अडकतो. तुम्ही खोटं लिहिलंत आणि ते पचलंही. सरकार समजतं, पोरगा कमावता आहे म्हणजे आईचं भागत असेल. पोरगा समजतो, सरकार देतंय म्हणजे आईचं भागत असेल. मधल्या मधे म्हातारी हयातीचा दाखला द्यायला रिक्षाने नाक्यावर जाते, आणि मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर भात लावून आणि भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, उमटणार कुठून?

तुमच्या निवेदनातलं दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. 'कुटुंबांना सेवा करणे शक्य होत नाही.' कुटुंबांना म्हणजे कुणाला? नाव घ्या ना. गेल्या महिन्यात मी तुमच्यातल्याच एकाच्या घरी गेले होते. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, मागच्या खोलीत पलंगावर पडून. सून एकटी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि तिथे जखम पडायला वेळ लागत नाही. ती सासूच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवते, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालते, आणि तोल सांभाळत स्वतःच्या छातीवर ओढून घेते. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिची स्वतःची कंबर गेलेली आहे, पण औषधाला रोह्याला जायचं तर सासूपाशी बसणार कोण? दिव्याला राहणाऱ्या नवऱ्याकडून महिन्याला मोबाईलवर पैसे येतात, फोन येतो, 'आईला नीट बघ' अशी सूचना येते. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला याच घरचा मुलगा रजा टाकून येतो. पालखीला जरूर यावं. पण त्या रजेतला एक दिवस आईची कूस बदलायला ठेवला असता तर देव रागावला नसता.

आणि हे ऐकून ठेवा. २००७ च्या कायद्यात 'अपत्य' म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांत मुलगा आहे, मुलगी आहे, नातवंडं आहेत, पण सून नाही. सून-जावयांना त्यात घालण्याचं विधेयक २०१९ मध्ये संसदेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे ज्या बाईवर कायद्याने एक दिवसाचीही सक्ती नाही, ती रात्री तीन वेळा उठते, आणि ज्याच्यावर सक्ती आहे तो सरकारने वृद्धाश्रम बांधावा म्हणून सह्या गोळा करतो. 'जबाबदारी कुटुंबाची' असं तुम्ही सभेत मोठ्याने म्हणता तेव्हा तुमच्या मनात तीच बाई असते.

लेकींनो, तुम्हीही मागच्या बाकावर लपू नका. भावांनी हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले म्हणून तुम्ही रागावला आहात. राग रास्त आहे, आणि मी तुमच्या बाजूने भांडायला येईन. पण 'आम्ही दिलेल्या घरच्या' हे कायदा ऐकत नाही. कल्याणला दवाखाना चालवणाऱ्या एका विवाहित डॉक्टर बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं, लग्न झालं म्हणून मुलगी वडिलांच्या पोटगीतून सुटत नाही. माहेरी चार दिवस या, आणि त्या चार दिवसांत वहिनीला तिच्या माहेरी पाठवा.

आमच्या व्यवसायाबद्दलही सांगते, कारण सह्यांमध्ये तीन गुरुजी आहेत. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला की जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के कापून त्यांच्या खात्यावर टाकायचे. तक्रारी आल्या १२. त्यांतले सहा शिक्षक होते. निम्मे! फळ्यावर 'मातृदेवो भव' लिहिणारी माणसं. ती बातमी वाचली तेव्हा वाटलं, मी अजून नोकरीत असते तर मला वर्गात उभं राहायची लाज वाटली असती. तुम्ही तिघांनी आधी आपल्या घरचा हिशेब मांडा आणि मग दुसऱ्यांच्या सह्या गोळा करा.

पगार कापून पैसे मिळतात, कूस बदलायला माणूस मिळत नाही, हेही खरं. म्हणूनच मी सरकारला मोकळं सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. घटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सरकारने साहाय्य करावं असं लिहिलेलं आहे. ते कुणी कुणावर केलेले उपकार नव्हेत. पण मागणी करायची तर अभ्यास करून करा. शाळेतही तुम्ही उत्तर न वाचता लिहायचात. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक वृद्धांचा दवाखाना, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे कर्मचाऱ्याची भेट आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष सांगितलेला आहे. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन, 'आमच्या घरी कोण आणि कधी येणार?' असं तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. नाक्यावर गाळे वाढले, नदीकाठी रिसॉर्ट वाढले, म्हणजे घरपट्टी वाढली, म्हणजे ते ५ टक्केही वाढले असणार. कुठे गेले? हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची एवढं तरी पंचायतीत ठेवून ज्याला लागेल त्याला वापरायला देता आलं असतं. ग्रामसभेत रस्ता आणि गटारावर दोन तास भांडता, या ५ टक्क्यांवर कुणी तोंड उघडत नाही.

केरळने २००८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं आणि पंचायतींनी खर्च उचलला. तिथे नर्स घरी येते, जखम बांधते, लघवीची नळी बदलते, घरच्यांना कूस कशी बदलायची ते दाखवते, गावातले स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात. माणूस आपल्या घरात, आपल्या खिडकीपाशी राहतो. त्याला उचलून कुठल्या इमारतीत नेऊन ठेवत नाहीत. जपानने २००० साली सगळ्या देशासाठी देखभालीचा विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने त्यात हप्ता भरायचा, म्हातारपणी किती मदत लागते ते तपासून ठरवायचं, आणि घेणाऱ्याने सहसा खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा. सुना-लेकी एकट्या पिचून जात आहेत हे तिथल्या बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं, तेव्हा ते झालं. आणि तिथे पैसा वरून पडला नाही. जो आज धडधाकट आहे त्याच्या पगारातून तो दर महिन्याला जातो. तुम्ही 'मोफत' लिहिलंत. कुणाच्या पैशातून मोफत, तेही लिहा. तुमच्या पगारातून असा हप्ता कापला तर चालेल का, याचं उत्तर मला हवं आहे.

सरकारचं की घरचं, हा वाद तुम्ही गेली कित्येक वर्षं शिमग्याला आणि गणपतीला घालता. तो तुम्हाला आवडतो, कारण वाद चालू आहे तोवर दोन्हीकडच्या कुणालाच हलावं लागत नाही. माझ्या मते हिशेब अगदी सरळ आहे. शिकलेली नर्स, औषध, गादी, खुर्ची, जगण्याइतकी पेन्शन आणि ज्याला खरंच कुणी नाही त्याला छप्पर, हे सगळ्यांच्या करातून आलं पाहिजे, आणि त्यासाठी मी तुमच्या पुढे चालत अलिबागला येईन. पण हजेरी तुमची. ती कर भरून भागत नाही आणि बायकोच्या नावावर टाकून तर मुळीच भागत नाही.

तेव्हा कागद पुन्हा लिहा. वृद्धाश्रम खोडा. आरोग्य केंद्रातून घरभेट, पंचायतीच्या ५ टक्क्यांचा हिशेब, २१,००० ची खोटी अट बदलणं आणि अंगठा न उमटणाऱ्यांसाठी बँकेचा माणूस घरी येणं, या चार मागण्या घाला. मागे दुसरा कागद जोडा. त्यावर प्रत्येक घराचं नाव, आणि त्या घरातला कोणता मुलगा, कोणती मुलगी, कोणत्या आठवड्यात येऊन आई-वडिलांपाशी राहणार, ते तारखेसह. २१,००० चा खोटा दाखला ज्यांनी काढला त्यांनी तो तहसीलमध्ये जाऊन मुकाट्याने परत करायचा. ज्यांच्या घरी कुणी पडून आहे त्यांनी येत्या रविवारी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला हात जोडून घरी बोलवा आणि कूस बदलायला शिका. मुलग्यांनी शिका. सुना त्या दिवशी खोलीत नकोत, त्यांना ते येतं. पहिला रविवार कुणाच्या घरी, हे मला शुक्रवारच्या आत कळलं पाहिजे.