द्वेषाचे थंडपण : एका नऊ ओळींच्या कवितेविषयी

मराठीच्या भाषिक संकेतांत विनाशक भावना बहुधा अग्निरूपच असतात. क्रोधाग्नी, मत्सराग्नी, द्वेषाग्नी हे समास आपण सहज वापरतो. रॉबर्ट फ्रॉस्टची 'फायर अँड आइस' (१९२०) ही नऊ ओळींची कविता या संकेताला छेद देते. जगाचा अंत आगीने होणार की बर्फाने, या लोकांत चालणाऱ्या वादाला ती मानवी मनाच्या पातळीवर आणते : आग वासनेचे प्रतीक, बर्फ द्वेषाचे.

या विभागणीला नैतिक अर्थ आहे. इंधन संपले की आग विझते. शिवाय तिचा दाह जाळणाऱ्यालाही जाणवतो, म्हणून पश्चात्तापाला जागा उरते. बर्फाला इंधन लागत नाही. तो साचत जातो, आणि बधिरतेमुळे गोठणाऱ्याला आपले गोठणे कळतही नाही. म्हणूनच द्वेष संयमाचे, सभ्यतेचे रूप सहज घेऊ शकतो. दान्तेच्या नरकातील सर्वांत खालचे, विश्वासघातक्यांचे वर्तुळही गोठलेलेच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो : निवेदकाचा पहिला कौल आगीलाच आहे, बर्फ दुय्यम ठरतो. मात्र येथे कवितेचा स्वर ध्यानात घ्यावा लागतो. सर्वनाशाविषयी निवेदक अखेरीस बोलतो ते एखादा किरकोळ हिशेब मिटवावा तसे. विषयातील थंडपण निवेदनातही उतरते, आणि ते आपल्याला समंजस वाटते. ज्वाळा दिसल्याखेरीज विनाश ओळखायचाच नाही, अशीच आपल्या सदसद्विवेकाची घडण झाली आहे काय, हा प्रश्न ही कविता वाचकापुढे ठेवते.